जुनं सेसना घ्यायचंय? आधी वह्या वाचा

आमचं विमान १९७५ सालचं आहे, माझ्याहून तीन वर्षांनी मोठं. सेसना १७२एम, एक इंजिन, चार आसनं, १५० अश्वशक्ती. ओहायोत डेटनच्या दक्षिणेला एका छोट्या विमानतळावर पत्र्याच्या हँगरमध्ये ते असतं. २०१८ साली मी आणि माझे भागीदार, गणिताचे निवृत्त शिक्षक, आम्ही दोघांनी मिळून ते ४९,५०० डॉलरला घेतलं. आज तेवढ्यात तसं मिळणार नाही, कोविडनंतर जुन्या विमानांचे भाव चांगलेच चढलेत. पण विमान बघायची रीत बदललेली नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या चार-पाच मराठी मंडळींनी मला फोन करून एकच विचारलं: लायसन्स हातात आलं, आता जुनं विमान घ्यायचंय, काय बघू? प्रत्येक वेळी तासभर बोलणं होतं आणि निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा बसून लिहून काढते. नियम सगळे अमेरिकेतले आहेत.

सगळ्यात आधी व्हिसाचं बघा, कारण बऱ्याच जणांना हे उशिरा कळतं. एच-वनवर असताना टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची, तपासणी पार करून उडायला शिकता येतं, लायसन्सही मिळतं. पण विमान स्वतःच्या नावावर नोंदवायला, म्हणजे ‘एन’ने सुरू होणारा नंबर स्वतःच्या नावावर घ्यायला, अमेरिकन नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. दोघांत घेत असाल तर दोघांकडेही ते हवं. ट्रस्टच्या नावावर विमान ठेवायची सोय आहे, पण तिचा खर्च दरवर्षी चालूच राहतो आणि पन्नास-साठ हजारांच्या विमानाला तो माझ्या मते झेपत नाही. ग्रीन कार्ड रांगेत असेल तर तोवर क्लबचं विमान भाड्याने उडवा. तासांचा अनुभव वाढेल, आणि पुढे विम्याला तो उपयोगी पडेल.

चार खुर्च्या म्हणजे चार माणसं नव्हेत

विमान कशासाठी हवंय ते आधी कागदावर लिहा. माझं ठरलेलं होतं: नवरा आणि मुलगी यांना घेऊन दीड-दोन तासांच्या टप्प्यात जायचं, आणि एरवी शनिवारी सकाळी एकटीने उडायचं. उन्हाळ्यात आम्ही एरी सरोवरातल्या पुट-इन-बे बेटावर जातो. गाडीने तीन तास आणि वर फेरीबोट, विमानाने साधारण एक तास वीस मिनिटं.

आता वजनाचा हिशोब. १७२एमचं कमाल वजन २,३०० पौंड. आम्ही घेतलं तेव्हा आमचं रिकामं विमान १,४३८ पौंडांचं होतं. उरले ८६२. टाक्यांतलं वापरता येणारं पेट्रोल ३८ गॅलन, गॅलनला ६ पौंड धरले की २२८. राहिले ६३४. चार मोठी माणसं १७० पौंडांची धरली तरी ६८० होतात. म्हणजे टाक्या भरून चार जण बसवले तर पिशवी न ठेवताच विमान जास्त जड झालं. अर्ध्या टाकीवर चौघं बसतात, पण मग लांब जाता येत नाही. विक्रेता जाहिरातीत ‘फोर सीटर’ लिहितो ते खोटं नाही, फक्त हा हिशोब तो करून दाखवत नाही. त्या विशिष्ट विमानाचा वजनाचा शेवटचा कागद मागा. पुस्तकातला आकडा चालत नाही, कारण पन्नास वर्षांत प्रत्येक विमानात काही ना काही भरलेलं किंवा काढलेलं असतं.

तुम्हाला चौघांना सामानासकट न्यायचंच असेल तर सेसना १८२ किंवा पायपरचं १८० अश्वशक्तीचं चेरोकी बघा आणि जास्त पेट्रोलची तयारी ठेवा. आमचं तासाला आठेक गॅलन पितं.

पन्नास वर्षांचं विमान

माझ्या सासूबाईंनी वय ऐकलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या देवघरात जाऊन आल्या. त्यांची काळजी मला समजते. पन्नास वर्षांची गाडी म्हटलं की डोळ्यांसमोर भंगार येतं. विमानाचं तसं नसतं. दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी सक्तीची आहे, आणि तीही साध्या मेकॅनिकची चालत नाही, तपासणीचा खास अधिकार असलेल्याचीच सही लागते. सही नाही तर उड्डाण नाही.

बाजारात इतकी जुनी विमानं का, त्यालाही कारण आहे. सेसनाने १७२ हे मॉडेल १९५६ सालापासून विकायला सुरुवात केली आणि आजवर ४४,००० हून जास्त बनवली. दुसऱ्या कुठल्याही विमानाचा एवढा आकडा नाही. पण १९८६ साली नुकसानभरपाईच्या खटल्यांचा बोजा इतका वाढला की कंपनीने छोटी पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ साली कायदा झाला आणि अठरा वर्षांहून जुन्या विमानाबद्दल बनवणाऱ्यावर दावा लावायला मर्यादा आली, तेव्हा कुठे १९९६ पासून उत्पादन पुन्हा सुरू झालं. त्यामुळे आपल्या ऐपतीतली विमानं बहुतेक सत्तरच्या दशकातलीच असतात.

मॉडेलचं थोडक्यात सांगते. १९७३ ते ७६ च्या १७२एममध्ये लायकमिंग कंपनीचं ओ-३२०-ई२डी इंजिन आहे, साधं आणि सोशिक. १९७७ ते ८० च्या १७२एनमध्ये ओ-३२०-एच२एडी आलं. ताकद १६०, पण त्यातल्या कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि टॅपेटच्या (त्या दांड्यावर घासणारा तुकडा) झिजेची ख्याती चांगली नाही. नियमित उडणारं आणि नीट सांभाळलेलं असेल तर तेही चालतं, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. पायपर चेरोकीच्या कुळात पंखाच्या मुख्य तुळईच्या बोल्टांच्या भोकांची तपासणी २०२० च्या शेवटी निघालेल्या आदेशाने आली आहे. ती त्या विमानाला लागू होते का आणि झाली का, एवढं पहिल्या फोनलाच विचारून घ्या.

कमी तासांचं इंजिन म्हणजे चांगलं इंजिन नव्हे

या मुद्द्यावर मी थांबून सांगणार आहे, कारण इथेच मी जवळजवळ फसले होते.

मी पाहिलेलं पहिलं विमान फ्लोरिडात होतं, समुद्रापासून दोन मैलांवर. पांढरा-निळा नवा रंग, आत नवी चामड्याची आसनं, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘ओव्हरहॉलनंतर फक्त २१० तास’. ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं बांधणं. इंजिनाचं आयुष्य २,००० तासांचं धरतात, म्हणजे १,८०० शिल्लक. मी बयाणा पाठवायच्या बेतात होते. आमच्या विमानतळावरच्या मेकॅनिकला सहज फोटो दाखवले. त्याने रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, “ओव्हरहॉल कधी झालं?” २००४ साली. “आणि गेल्या सहा वर्षांत किती उडालंय?” मी विमानाच्या नोंदवह्यांचे फोटो मागवून बेरीज केली. अकरा तास. सहा वर्षांत!

लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, तेल साठतं तळाला. इंजिन चालतं तेव्हा वर तेल उडतं आणि कॅमवर पातळ थर राहतो. महिनोन्‌महिने उभं राहिलं की तो थर ओघळून जातो, दमट हवेतलं पाणी धातूवर बसतं आणि गंज धरतो. मग कोणीतरी एके दिवशी स्टार्टर मारतो, टॅपेट त्या गंजलेल्या कॅमवर घासायला लागतो आणि वरचा कठीण थर सोलून निघतो. बाहेरून काहीच कळत नाही. इंजिन गोड आवाजात चालतं. शंभरेक तासांनी तेलाच्या फिल्टरमध्ये चकचकीत कण दिसायला लागतात, आणि तेव्हा आख्खं इंजिन उघडण्यावाचून इलाज नसतो. म्हणून लायकमिंगने तासांबरोबर बारा वर्षांचीही मर्यादा सांगितलेली आहे. स्वतःपुरतं उडवणाऱ्याला ती कायद्याने बांधत नाही, पण ती कशासाठी आहे हे ठाऊक असावं.

ते फ्लोरिडाचं विमान मी सोडलं. माझा नियम आता असा: नऊशे तास झालेलं, दर आठवड्याला उडणारं इंजिन मी दोनशे तासांच्या उभ्या इंजिनापेक्षा वर धरते. वहीतल्या प्रत्येक वर्षाचे तास वेगळे काढा. दरसाल पन्नासच्या वर असतील तर मला समाधान वाटतं. एखादं वर्ष कोरं असेल तर का ते विचारा, आजारपण, घटस्फोट, काहीही असू शकतं. सलग चार-पाच वर्षं कोरी असतील तर किंमत ठरवताना आख्ख्या इंजिनाचा खर्च धरूनच बोला.

वह्या

विमानाच्या तीन वह्या असतात: सांगाड्याची, इंजिनाची, पंख्याची (म्हणजे नाकावरच्या प्रोपेलरची). प्रत्येक कामाची तारीख, तास, काय केलं त्याचं वर्णन, सही आणि सही करणाऱ्याचा प्रमाणपत्र क्रमांक. पहिल्या पानापासून वाचायच्या. मी जेवणाच्या टेबलावर तीन रात्री बसले होते, शेजारी रेघा मारलेली वही घेऊन.

काय शोधायचं? एक, सलगपणा. मधल्या वर्षांची वही ‘हरवली’ असेल तर विमानाची किंमत तिथेच उतरते, कारण त्या वर्षांत काय झालं ते आता कोणीच सांगू शकणार नाही. दोन, तीच तक्रार पुन्हा पुन्हा आलीय का. एका विमानात पुढच्या चाकाची थरथर थांबवणारा डँपर चार वर्षांत तीनदा दुरुस्त केलेला दिसला. त्याला तीनदा दुरुस्त करावं लागलं म्हणजे खोट दुसरीकडेच होती. तीन, एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याचे, सक्तीचे आदेश, ज्यांना इथे सगळे ‘एडी’ म्हणतात. काही एडी एकदाच पाळायचे, काही ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा. त्यांची वेगळी यादी चांगल्या मालकाकडे तयार असते. सेसनाच्या आसनांच्या रुळांचा एडी असाच परत परत येणारा आहे. रुळातली भोकं झिजली की खिट्टी नीट बसत नाही, आणि उड्डाणाच्या वेळी नाक वर उचललं की खुर्ची मागे सटकते. वैमानिक घाबरून हातातल्या योकला, म्हणजे सुकाणूच्या चाकाला, धरतो, नाक आणखी वर जातं. यात माणसं गेली आहेत. खुर्चीवर बसून मागेपुढे जोर लावून बघणं कोणालाही जमतं, ते आधी करा.

चौथी गोष्ट मालकाच्या वह्यांबाहेरची. ओक्लाहोमा सिटीत एफएएचं नोंदणी कार्यालय आहे. विमानाच्या नंबरावरून त्याची सगळी जुनी कागदपत्रं तिथून अगदी थोड्या पैशांत मागवता येतात. मोठी दुरुस्ती किंवा बदल झाला की ‘फॉर्म ३३७’ भरावा लागतो, ते सगळे त्यात असतात. आमच्या विमानाचा १९८८ सालचा एक ३३७ त्यात निघाला: उजव्या पंखाचं टोक आणि पत्रा बदललेला. मालकाने सांगितलं नव्हतं, कारण त्याने १९९६ साली घेतलं आणि त्यालाच माहीत नव्हतं. काम नीट झालेलं होतं, तीस वर्षं त्या पंखाने काही कुरबुर केली नव्हती. अशी जुनी दुरुस्ती दिसली म्हणून विमान टाकून देऊ नका. मेकॅनिकला मात्र नेमकी ती जागा दाखवा.

आण्णांचं बोट

माझे वडील ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये एकतीस वर्षं होते. सांगाड्याच्या जोडणीत, आधी मिग-२१, मग मिग-२७. आम्ही टाउनशिपमध्ये वाढलो. चाचणी-उड्डाण निघालं की शाळेत बाईंचा आवाज ऐकू यायचा नाही आणि त्या फळ्यापाशी थांबून राहायच्या. २०१८ च्या उन्हाळ्यात आण्णा आणि आई आमच्याकडे आले होते, आणि दुसरं विमान बघायला मी आण्णांना इंडियानात घेऊन गेले.

ते १७२एन होतं, एका उड्डाणशाळेतून निघालेलं. मी आत बसून रेडिओ बघत होते. आण्णा बाहेर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पंखाखालून हाताचं मधलं बोट रिबिटींच्या रांगेवरून हळूहळू फिरवत निघाले, आई तांदूळ निवडते तशा एका लयीत. नाकाच्या खाली, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या मागे ते थांबले. खिशातून पांढरा रुमाल काढला, एका रिबिटीवरून पुसला आणि मला हाक मारली. “पोरी, इकडे ये. ही रिबिट धूर काढतेय बघ.”

रुमालावर काजळासारखा काळा डाग होता. रिबिट ढिली झाली की पत्र्यांच्या मध्ये ती सूक्ष्म हलत राहते, ॲल्युमिनियम घासून त्याची काळी पूड होते, आणि वाऱ्याच्या दिशेने तिची शेपटी उमटते. म्हणून धूर. एखादी सुटी रिबिट धूर काढत असेल तर बदलता येते. इथे ओळीत सहा होत्या, आणि आण्णांनी मला गुडघ्यावर बसवून तिरक्या उजेडात पत्रा बघायला लावला. त्याला बारीक सुरकुती होती, इस्त्रीत राहून गेलेल्या चुणीएवढी. “नाकावर आदळलंय हे,” ते म्हणाले. “वहीत आहे का?” वहीत नव्हतं. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, अशा सुरकुत्या सगळ्यांना असतात. आम्ही आभार मानले आणि परत निघालो.

तुमच्या घरी आण्णा नसतील, पण पांढरा रुमाल आणि टॉर्च असतो. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं तिरपी असताना जा. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून धरा. रिबिटींच्या रांगा सरळ दिसायला हव्यात आणि रुमाल पांढराच राहायला हवा.

मेकॅनिककडून तपासणी

तिसरं विमान ओहायो-इंडियानाच्या सीमेवरच्या एका शेतकऱ्याचं होतं. गवताची धावपट्टी, मक्याच्या शेताला लागून. रंग विटलेला, आसनांचं कापड झिजलेलं. पण बावीस वर्षं तोच मालक, दर रविवारी चर्चनंतर उडायचा, आणि वह्या शाळेतल्या शहाण्या मुलीच्या असाव्यात तशा. वर्षाला साठ-सत्तर तास, एकही वर्ष कोरं नाही. ओव्हरहॉलनंतर ८९० तास. मागितले होते ५२,०००.

खरेदीपूर्व तपासणीची कायद्यात व्याख्या नाही. मेकॅनिक ‘चांगलं आहे’ एवढंच म्हणाला तरी त्याला तपासणी म्हणतात. म्हणून काय काय बघायचं ते आधी लिहून द्या, आणि त्या विमानावर आजवर एकदाही सही न केलेलाच मेकॅनिक नेमा. विक्रेत्याचा मेकॅनिक कितीही सज्जन असला तरी स्वतःच्या सहीवर तो शंका घेणार नाही. ५२,००० च्या व्यवहारात सहा-सातशे डॉलर वाचवू नका.

कॉम्प्रेशनची चाचणी चालू असताना तिथेच उभ्या राहा, किंवा उभे राहा. इंजिन गरम असतं, प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंडांच्या दाबाने हवा सोडतात आणि आत किती टिकते ते बघतात. पहिला ७६, दुसरा ७४, चौथा ७५. तिसरा ५२. मेकॅनिकने मला बोलावलं आणि म्हणाला, ऐक. हवा सुटताना सूं असा आवाज येतो, आणि तो कुठून येतो त्यावरून दोष कळतो. कार्बोरेटरकडून आला तर आत घेणारा व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. मी एग्झॉस्टच्या नळीला कान लावला. तिथून येत होता. म्हणजे धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. मग स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत घातला. निरोगी व्हॉल्व्हवरचे रंग गोल सारखे असतात, मध्यावरून कडेकडे. याच्या एका बाजूला कडेशी हिरवट-गुलाबी डाग सरकलेला होता. तो जळायला लागलेला व्हॉल्व्ह. आणखी काही तास, आणि त्याचा तुकडा उडाला असता.

शेतकऱ्याला फोटो दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला, म्हणाला मला याची कल्पना नव्हती, आणि २,५०० कमी केले. सिलिंडरला १,९०० लागले. खोट निघणं वाईट नसतं, ती व्यवहाराआधी निघायला हवी.

बाकी यादीत हे ठेवा: तेलाचा फिल्टर कापून आतला कागद पसरून धातू आहे का बघणं, गालिचे उचलून खालचा गंज, बॅटरीच्या डब्याभोवतीचा पत्रा, कंट्रोलच्या तारा, आणि एग्झॉस्टचा मफलर उघडून. या विमानांत केबिनचा हीटर मफलरभोवतीची हवा आत घेतो. मफलरला तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो, त्याला वास नसतो, आणि ओहायोच्या थंडीत हीटर बंद ठेवता येत नाही.

कागदपत्रांचं झटपट: विमानावर कर्ज किंवा बोजा नाही ना याचा शोध टायटल कंपनीकडून, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीकडून घ्या, पैसे व्यवहार पुरा होईपर्यंत तिच्या राखीव खात्यात, एस्क्रोत, ठेवा. विक्रीपत्राचा फॉर्म ८०५०-२, नोंदणीच्या अर्जाचा ८०५०-१, फी पाच डॉलर. नोंदणी आता सात वर्षं चालते. आपल्या राज्याच्या कराची चौकशी आधी करा. विमा कंपनी तुमचे त्या मॉडेलवरचे तास विचारेल आणि कमी असतील तर प्रशिक्षकाबरोबर काही तास उडायला लावेल. विमा लागू झाल्याशिवाय चावी घेऊ नका.

भागीदारी असेल तर लेखी करार हवाच. आमचा दोन पानांचा आहे: कोणाचा कुठला शनिवार, तासाला इंजिनासाठी किती बाजूला टाकायचे, एकाला निघायचं असेल तर किंमत कोण ठरवणार, आणि एक गेला तर घरच्यांनी काय करायचं. हा शेवटचा मुद्दा शिक्षकांनी स्वतः घातला.

खर्च आणि मग सुधारणा

विमान न उडवताही पैसे जातात: हँगर, विमा, वार्षिक तपासणी. आमचा हँगर तेव्हा महिन्याला २६० होता. पहिल्या वार्षिक तपासणीला ४,७०० लागले, कारण नवा मालक सगळ्या जुन्या बारीकसारीक गोष्टी एकदम काढतो. पुढच्या वर्षी १,८०० झाले. किंमतीच्या वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी हाताशी ठेवा, त्यातून रेडिओ घेऊ नका. इंजिनाच्या पुढच्या ओव्हरहॉलला ३०,००० धरले तर २,००० तासांनी भागून तासाला १५ डॉलर होतात. ते आम्ही उडाल्याच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकतो.

काही कामं मालक-वैमानिकाला स्वतः करून स्वतःच्या सहीने वहीत नोंदवता येतात: तेल बदलणं, टायर, स्पार्क प्लग, बॅटरी, दिवे. ती शिकून घ्या. पैसे वाचतातच, आणि आपलं इंजिन आपल्याला हाताने ओळखू यायला लागतं.

सुधारणांत माझा क्रम ठाम आहे, आणि पॅनेलवरचे चकचकीत स्क्रीन त्यात तिसऱ्या जागी आहेत. पहिले खांद्याचे पट्टे. आमच्या विमानातले जुने पट्टे असे होते की बांधले तर पेट्रोलच्या खिट्टीपर्यंत हात पोचेना, म्हणून कोणी बांधतच नसे. गाडीसारखे आपोआप ओढले जाणारे पट्टे घेतले. त्याच महिन्यात कार्बन मोनॉक्साइडचा आवाज देणारा अलार्म आणि एलईडीचा लँडिंग लाइट. दुसरा, इंजिनाचा मॉनिटर, जो चारही सिलिंडरांचं तापमान वेगवेगळं दाखवतो. तो असता तर शेतकऱ्याला तिसरा सिलिंडर आधीच कळला असता. तिसरी पॅनेलची पाळी.

त्यात एडीएस-बी, म्हणजे विमान कुठे आहे ते आपोआप प्रसारित करणारं यंत्र, आमच्यासाठी सक्तीचं होतं. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या हद्दींत आणि १०,००० फुटांच्या वर ते लागतंच. आम्ही डाव्या पंखाच्या टोकाच्या दिव्याच्या जागी बसणारं यंत्र लावलं, कमीत कमी तोडफोडीत काम झालं. नंतर क्षितिज आणि दिशा दाखवणारी जुनी वाऱ्यावर फिरणारी उपकरणं काढून गार्मिन कंपनीची जी५ नावाची दोन इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसवली. जुन्या उपकरणांना फिरवणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचा भरवसा नसतो, तो न सांगता बंद पडतो, आणि ढगात असताना खोटं क्षितिज हळूहळू कलायला लागतं. लक्षात असू द्या: विमानात बसणाऱ्या प्रत्येक अशा गोष्टीला तुमच्या मॉडेलसाठी एफएएची मंजुरी हवी, ती बहुतेक वेळा एसटीसी या नावाची असते. मंजुरी नसलेलं बसवलं तर विमान उडायला पात्र राहत नाही.

जी५ च्या कामाला दुकानाने तीन आठवडे सांगितले होते, अकरा लागले. आख्खा उन्हाळा हँगर रिकामा. चूक आमचीही, तारीख लेखी घेतली नव्हती. तुम्ही अंदाजपत्रक, सुरू करायची आणि संपवायची तारीख, वायरिंगचा नकाशा आणि वजनाचा नवा कागद, हे चारही लेखी मागा. आणि मेलेल्या जुन्या तारा काढून टाकायला सांगा, नुसत्या कापून बाजूला बांधू देऊ नका. आमच्या पॅनेलमागून पंप, नळ्या आणि तारांचं भेंडोळं इतकं निघालं की नवं बसवूनही नऊ पौंड कमी झाले. रिकामं विमान १,४२९ वर आलं, तेवढा मुलीचा सामानाचा हिस्सा वाढला. पैसे परत मिळतील म्हणून पॅनेल करू नका. विकताना घातलेल्यातला निम्मा भाग आला तरी नशीब समजा. रात्री, पावसात उडताना तुम्हाला ते हवं असेल तर करा.

रंगाचं आम्ही अजून काही केलेलं नाही.

पेट्रोलबद्दल एवढंच: आपण अजून शिसं असलेलं १०० एलएल जाळतो, आणि २०३० पर्यंत त्यातून बाहेर पडायचं देशाचं ठरलं आहे. ई२डीसारखी कमी कॉम्प्रेशनची इंजिनं शिसं नसलेल्या इंधनाला सहज जुळवून घेतात. आज विमान निवडताना हा मुद्दा मी जुन्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या बाजूने धरीन.

घेतल्यावर पहिलं वर्ष दर आठवड्याला उडवा, आणि उडवाल तेव्हा निदान अर्धा-पाऊण तास, म्हणजे तेल तापून आतलं पाणी उडून जातं. नुसतं जमिनीवर सुरू करून बंद करणं उभं ठेवण्यापेक्षा वाईट. पारा शून्याखाली गेला की इंजिन आधी गरम करा. आमच्या इंजिनाला विजेचा हीटर चिकटवलाय, आदल्या रात्री लावून येते.

आता इंजिन ओव्हरहॉलनंतर १,५२० तासांवर आहे. दर पन्नास तासांनी मी फिल्टर कापते, कागदाच्या घड्या पांढऱ्या कपड्यावर पसरते, उन्हात धरून फोटो काढते आणि ओझरला पाठवते. आण्णा आता ऐंशीचे आहेत. ते फोटो मोठा करून घडीघडी तपासतात, कधी कधी परत विचारतात, डावीकडून अकराव्या घडीत काय चमकतंय? मागच्या खेपेस तो पाण्याचा थेंब होता. मी पुसून पुन्हा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी लिहिलं: “आता ठीक. उडव.”